जज्ज हालक्विस्ट यांना पदावर ठेवावे काय?

७ सप्टेंबर १९८२, मंगळवार

आज आलेलं: पेअरची दोन खोकी, साडेसोळा डॉलर. साखर पंचवीस पौंड, सात डॉलर तीस सेंट. बरण्यांची झाकणं चार डझन, तीन डॉलर वीस. गेल्या वर्षी याच झाकणांना अडीच पडले होते. आणि टपालाने एक पाकीट, त्यावर तिकीटच नाही. पोस्टमनने हात पुढे केला, वीस सेंट माझ्या पदरचे गेले. आत वहीचं फाडलेलं पान. मोठ्या अक्षरांत एकच ओळ: ‘जज्ज, नोव्हेंबरात बघून घेऊ.’

शिव्या खायच्या त्याही स्वतःचे पैसे मोजून.

एनार कोर्टातून आला तेव्हा पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली.

“अक्षर चांगलं आहे,” तो म्हणाला. “कुणीतरी शाळेत नीट शिकवलंय.”

“शिकवणाऱ्याला तर तू आत टाकलंस,” मी म्हटलं.

तो हसला नाही. हात धुऊन जेवायला बसला.

शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, फुटबॉल संघाच्या कोच कुबिचेकला तुरुंगात जाऊन आज पाच दिवस झाले. पिऊन गाडी चालवण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी एनारनेच दंडावर सोडला होता. या वेळी शाळेच्या फाटकाजवळची टपालपेटी आडवी केली, तीही दुपारी साडेतीनला, मुलं सुटायच्या वेळी. नशिबाने कुणी मेलं नाही. तीस दिवस कायद्यानेच द्यावे लागतात, त्यात एनारचं काही चालत नाही. वकिलाचं म्हणणं इतकंच होतं की शिक्षा नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर सुरू करा, तोवर फुटबॉल संपेल. एनार म्हणाला, “इथे हंगाम बघून शिक्षा देत नाहीत.” एवढं एकच वाक्य. आता ते गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे.

शुक्रवारी पहिला सामना झाला. चौतीस-शून्य हरलो.

१२ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये आमच्या मागचा बाक आज रिकामा होता. एरवी तिथे स्ट्रोचं कुटुंब बसतं. लाइल स्ट्रोचं लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि फुटबॉलच्या मदत-मंडळाचा तोच अध्यक्ष. ते सगळे पलीकडच्या रांगेत जाऊन बसले होते. प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं; प्रभूने क्षमा करावी. मी सारखी त्यांच्या टोप्या मोजत होते.

माझी बहीण सिग्ने फोनवर विचारत होती, “त्याच्या विरुद्ध कोण उभा आहे गं?” कॅन्ससात तिच्याकडे जज्ज आमदारासारखे निवडून येतात. तिला सांगितलं, इथे विरुद्ध कुणी उभं राहत नाही. गव्हर्नर नेमतो, आणि दर सहा वर्षांनी मतपत्रिकेच्या खालच्या टोकाला एक प्रश्न असतो: जज्ज हालक्विस्ट यांना पदावर ठेवावे काय? हो किंवा नाही. मागच्या वेळी दहातल्या आठांनी हो म्हटलं होतं. बाकीचे दोन कुणाला तरी नाही म्हणायची हौस असलेले.

“म्हणजे हरला तर कुणाकडून हरला म्हणायचं?” सिग्ने म्हणाली.

मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. उत्तर आता लिहिताना सुचतंय: आपल्याच गावाकडून.

१८ सप्टेंबर, शनिवार

अंगणाअंगणात पाट्या लागल्या. पांढरी पाटी, लाल अक्षरं: ‘जज्जला नाही.’ पोस्टापासून घरापर्यंत अकरा. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने आले असते तर कमी दिसल्या असत्या.

झाकणं कमी पडली म्हणून स्ट्रोच्या दुकानात जावंच लागलं. दुसरं दुकान बावीस मैलांवर, पेट्रोल झाकणांपेक्षा महाग पडतं.

लाइल गल्ल्यावरच होता. “या, जज्जबाई. काय देऊ?”

“एक डझन झाकणं.”

“घट्ट बसणारी देऊ ना? तुमच्या घरात सगळं घट्टच लागतं.”

दोघे गिऱ्हाईक हसले. मी म्हटलं, “लाइल, तुझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा केक मी केला होता.”

तो थोडा ओशाळला. “केकबद्दल माझी तक्रार नाही, थायरा. पण पोरांचं शेवटचं वर्ष आहे. त्यातल्या दोघांना कॉलेजवाले बघायला येणार होते. हंगाम संपेपर्यंत थांबला असता तर कायद्याचं काय बिघडलं असतं?”

मी पैसे देऊन बाहेर आले. खरं सांगायचं तर हाच प्रश्न मी एनारला विचारणार होते. लाइलच्या तोंडून ऐकल्यावर विचारवेना.

२९ सप्टेंबर, बुधवार

पेअर संपले, बत्तीस बरण्या झाल्या. हात थांबले की डोकं चालू लागतं, म्हणून कोठीतल्या सगळ्या फळ्या उतरवल्या, धुतल्या, पुन्हा लावल्या. मग वाटलं बीट वरच्या फळीवर बरे, म्हणून पुन्हा उतरवल्या. एनार दारात उभा राहून बघत होता. “चोरी झाली का?” त्याने विचारलं.

तो तरी कुठे स्वस्थ आहे. सकाळी सहालाच कोर्टात जाऊन बसतो. जेवताना काटा खाली ठेवून खिडकीकडे बघतो. वकिलांनी दरवर्षीप्रमाणे जज्जांना गुण दिले, त्यात त्याला शंभरात एक्क्याण्णव. मी म्हटलं, हे पेपरात छापून येऊ दे. त्याने कागद घडी करून मोज्यांच्या खणात ठेवला.

हरला तर वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा वकिलीची पाटी लावायची, तीही ज्या गावाने नको म्हटलं त्याच गावात. दुसरं काही त्याला येत नाही. सुतारकाम करतो, पण खुर्ची डुलते. कोर्टात मात्र मी त्याला पाहिलंय. तिथे त्याचा आवाजच वेगळा असतो. घाबरलेला माणूस समोर आला की हा हळू बोलतो. प्रभो, त्याच्याकडून ते काढून घेऊ नकोस. माझ्याकडून काय ते घे.

४ ऑक्टोबर, सोमवार

आज विचारलंच. वाटाण्याचं सूप वाढताना म्हटलं, “एनार, मी माझ्या मावसबहिणींना, चुलतभावांना चार ओळी लिहू का? नुसतं मतदानाला जा म्हणून. टाउनशिपमध्ये निम्मे लोक आपलेच आहेत.”

“नको.”

“कायद्याने चालत नाही?”

“एरवी जज्जाला मतं मागता येत नाहीत; आता पाट्या लावून विरोध उभा राहिलाय, त्यामुळे कायद्याने चालेल. मला चालणार नाही. ज्याला मी मत मागितलं तो उद्या माझ्यासमोर उभा राहिला तर त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?” मग पाव मोडता मोडता म्हणाला, “मी स्वतःही त्या प्रश्नावर खूण करणार नाही. बाकीची पत्रिका भरीन, ती जागा कोरी ठेवीन. मागच्या वेळीही ठेवली होती.”

“स्वतःला मत नाही?”

“आपल्याच खटल्यात कुणी निवाडा देत नाही, थायरा.”

मी तीस वर्षं त्याच्या कोर्टाच्या गोष्टी ऐकतेय, पहिली एकवीस वकिलाच्या तोंडून आणि मागची नऊ जज्जाच्या. हे मला कळायला हवं होतं. पुतण्याचं वेगाचं चलान आलं तेव्हा तो शेजारच्या काउंटीच्या जज्जाला बोलावून स्वतः खाली बाकावर जाऊन बसला होता. आमच्या गावात आडनावं पाच आणि नाती पाचशे, त्यामुळे शेजारचा जज्ज महिन्यातून दोनदा येतो. येताना पत्नीने केलेले लोणच्याचे बीटही आणतो. सगळे हसतात, पण हालक्विस्टच्या कोर्टात तोंड पाहून न्याय होत नाही असंही सगळेच म्हणतात.

मग मला वाटलं, नवराबायको एक देह आहेत असं शास्त्रात आहे. त्याचा खटला तो माझाही. मी विचारलं, “मग मीसुद्धा कोरीच ठेवायला हवी?”

त्याने ताटलीभोवतीचे पावाचे चुरे बोटाने गोळा केले. सूप गार झालं. मग म्हणाला, “ते तुझं तू ठरव.”

याचा अर्थ हो असाच मी घेतला. तो थेट हो म्हणाला असता तर तो माझ्या मताला हात लावणं झालं असतं, आणि तसं तो कधीच करणार नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

चर्चच्या तळघरात गोधडी-मंडळ. आज मन हलकं झालं म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सोळा जणी होतो. मिशनच्या लिलावासाठी मोठी गोधडी चौकटीवर ताणलेली. कुणीच निवडणुकीचं बोलत नव्हतं, म्हणजे सगळ्या जणी तोच विचार करत होत्या. शेवटी व्हिवियन टोर्केलसननेच सुई थांबवून विचारलं, “थायरा, आम्ही काय करावं ते सांग ना. पाटी लावू का अंगणात? माझा नवरा म्हणतो ‘हो’ची पाटी स्वतः रंगवीन.”

मी म्हटलं, पाटी नको, एनारला आवडणार नाही. आणि मग बोलता बोलता त्याचं ते वाक्य सांगितलं. तो स्वतः कोरी ठेवणार आहे, आणि मीही ठेवणार आहे, आपल्याच खटल्यात कुणी निवाडा देत नाही म्हणून.

एकेकीची सुई कापडातच राहिली. व्हिवियनच्या डोळ्यांत पाणी आलं. “असा माणूस,” ती म्हणाली, “आणि त्याला हे लोक काढायला निघालेत!”

हुल्डा मावशी चौकटीच्या टोकाला बसली होती. एनारची सख्खी मावशी, ब्याऐंशी वर्षांची, अजून चष्म्याशिवाय दोरा ओवते. ती म्हणाली, “मग मी कुठे बसते? तो माझ्या बहिणीचा मुलगा. त्याला मी अंघोळ घातलीय.”

“तुम्ही तर बाद, मावशी,” कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

“हसू नका. नियम तो नियम. कोर्टात मी उभी राहिले असते तर तो खाली उतरला असता. मग मी त्याच्यासाठी वर कशी चढू?”

व्हिवियन विचारात पडली. “आमचा टिमी दत्तक घेतला तो एनारच्याच सहीने. टिमीला मांडीवर घेऊन सही केली होती त्याने. मी त्याचे उपकार कसे विसरू? म्हणजे मीही तोंड बघूनच मत देणार की.”

“आमच्या कुत्र्याचा दंड त्याने माफ केला होता,” डॉरिस लुंडीन म्हणाली.

“माफ नाही, अर्धा केला होता.”

“मग तू अर्धं मत दे.”

इतक्या हसलो की गोधडी हलली आणि दोघींना सुया टोचल्या. पण नंतर कॉफीला बसलो तेव्हा एकेक जण गंभीरपणे येऊन सांगू लागली. एकीच्या आईच्या मृत्युपत्राचा तंटा त्याने सोडवला. एकीच्या भावाला त्याने दारू सोडवण्याच्या घरी पाठवलं. एकीचं लग्न लावलं. सोळांपैकी एकही अशी नव्हती जिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला माझ्या नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला! सांगायला लाजू कशाला.

निघताना पास्टर नॉर्लिंग पायऱ्यांवर भेटले. मावशीने त्यांनाही सगळं ऐकवलं. ते म्हणाले, “यावर तर प्रवचन होईल.”

१७ ऑक्टोबर, रविवार

झालं प्रवचन. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सोळावा अध्याय: तोंड पाहून न्याय करू नको, लाच घेऊ नको. पास्टरांनी एनारचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. एनारचा चेहरा लाल झाला. त्याने भजनपुस्तक उघडलं तेही चुकीच्या पानावर. मला वाटलं संकोचला असेल.

बाहेर आल्यावर माणसं त्याचा हात दाबून दाबून जात होती. त्याच्या दंडावर थोपटून सगळ्यांत जास्त वेळ थांबला तो व्हिवियनचा नवरा. “आम्हाला कळलंय, जज्जसाहेब,” तो म्हणाला. “आम्ही तुम्हाला शोभेल असंच वागू.”

एनारने मला गाडीत विचारलं, “त्याला काय कळलंय?”

मी म्हटलं, “तू किती सरळ आहेस ते.”

एक साधी गोष्ट माझ्या तोंडून निघाली आणि ती देवाच्या घरात बोलली गेली. रात्रीचं बटाट्याचं भरीत करपलं, तरी वाईट वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

मागच्या दारी कोच कुबिचेक. मी पीठ मळत होते. हातांचं पीठ तसंच राहिलं. तो बारीक झालाय, दाढी केलेली, डोळे स्वच्छ. शाळेने त्याला इतिहास शिकवायला परत घेतलंय, संघ अजून दिला नाही.

“जज्ज घरी आहेत?”

“कोर्टात आहेत. तुझी शिक्षा भोगून झाली, तिथेच जाऊन भेटलास तरी चालेल.”

“नको. ते दार मला बघवत नाही.” तो पायरीवरच बसला. मी कॉफी दिली. राय धान्याचा काळसर पाव दिला. त्याने दोन्ही संपवलं. मग म्हणाला, “बाई, त्यांना सांगा, आत मला पहिले दहा दिवस नरक होता. अकराव्या दिवशी झोप लागली. चौदा वर्षांनी. हंगाम संपेपर्यंत थांबले असते तर मी तोवर कुणालातरी मारलं असतं. शाळेच्या फाटकाशी मुलं होती. मला ती दिसली नव्हती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

मी त्याचा कप पुन्हा भरला. अजून एक पाव दिला.

“मी त्यांना हो म्हणणार आहे,” तो म्हणाला. “लाइलला सांगितलं तर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. माझ्याच नावाने पाट्या लावल्यात आणि माझ्याशीच बोलत नाही!”

मला गप्प बसवेना. म्हटलं, “कोच, तुझं मन चांगलं आहे, पण तुझा तर त्या खटल्याशी थेट संबंध. तू खूण करणं बरं दिसेल का? आम्ही सगळे कोरी ठेवतोय. मी, हुल्डा मावशी, टोर्केलसन, लुंडीन, सगळे.”

त्याने कप पायरीवर ठेवला.

“सगळे म्हणजे किती?”

“पुष्कळ.”

“बाई, मी काही धर्मपंडित नाही. माझ्याशी जो नीट वागला त्याला मी मत देतो, एवढंच मला कळतं. पण कोच म्हणून सांगतो, आपली चांगली पोरं बाकावर बसवली तर समोरचा संघ काही दयेने आपली बसवत नाही.”

कॅथलिक लोकांचं थोडं असंच असतं, मन मोठं पण विवेक ढिला. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. एनारला तो आल्याचं सांगितलं, झोप लागल्याचंही सांगितलं. तो टेबलापाशी बसून राहिला आणि दोनदा म्हणाला, “चौदा वर्षांनी.” मतांचं मी काही बोलले नाही. त्याला मतांचं बोललेलं आवडत नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

काही होत नाही. वारा. पाट्या मोजायच्या सोडून दिल्या, एकोणचाळीस आहेत. ‘हो’ची एकही नाही, पण ते मीच नको म्हटलं होतं. कोचचं ते बाकावर बसवण्याचं बोलणं मधूनच डोक्यात येतं. येतं आणि जातं. मग मी काहीतरी धुवायला घेते.

२ नोव्हेंबर, मंगळवार

अग्निशामक केंद्रात मतदान. बंब बाहेर काढून तिथे पाच आडोसे मांडलेले. सकाळी आठला गेले. गव्हर्नर, आमदार, शाळामंडळ, पाणी-समिती, सगळ्यांना खुणा केल्या. शेवटी तो प्रश्न. माझ्या नवऱ्याचं नाव इतक्या बारीक अक्षरांत मी कधी पाहिलं नव्हतं. पेन्सिल दोन चौकोनांच्या वर धरली. टोक ‘हो’च्या चौकोनाकडे नेलं. एक खूण, तिला काय लागतं? कुणाला कळणार होतं?

मला कळलं असतं. पत्रिका घडी केली.

दारात हुल्डा मावशी काठी टेकत येताना भेटली. तिने माझा हात दाबला. मी चालत घरी निघाले तोवर तीही मत देऊन गाडीतून मागून आली, काचेतून माझ्याकडे बघत ओठ हलवले: “कोरं!” तिचा चेहरा चर्चमध्ये कम्युनियनची भाकर घेतल्यासारखा उजळला होता.

३ नोव्हेंबर, बुधवार

हो: एक हजार चारशे बारा. नाही: एक हजार चारशे सत्तेचाळीस.

पस्तीस मतांनी.

एनारने काउंटी क्लार्ककडून मतमोजणीचा तक्ता आणला होता. स्वयंपाकघरात बसून टाउनशिपवार, काउंटीच्या एकेका भागाचे आकडे, वाचू लागला. मी चुलीपाशी पाठ करून उभी होते. त्याचं बोट ओळीवरून सरकल्याचा आवाज ऐकू येत होता. मग तो थांबला.

“आपल्या टाउनशिपमध्ये गव्हर्नरसाठी तीनशे अठरा लोकांनी मत दिलं,” तो म्हणाला. “माझ्या प्रश्नावर दोनशे एक.”

मी वळले नाही.

“एकशे सतरा कोरी.” आणखी थोड्या वेळाने: “दर वेळी सातआठ असतात.”

मला वाटत होतं की तो मला काही विचारील. त्याने कॉफी मागितली. मी दिली. कप बशीवर वाजला, तेव्हा तो म्हणाला, “थायरा, बस जरा.” मी म्हटलं, पाव भट्टीत आहे. भट्टीत पाव नव्हता.

एकशे सतरातून सात वजा केले. एकशे दहा. त्यातल्या छत्तीसांनी हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. मला हे गणित करता येतं, रोज करते. ते नाही म्हणणारे नव्हते. ते सगळे आमचेच होते. प्रभो, त्या गोधडीभोवती बसून मी हे केलं.

६ नोव्हेंबर, शनिवार

एनार सकाळी हुल्डा मावशीच्या हिवाळी काचा बसवायला गेला. दरवर्षी तासाचं काम असतं, आज चार तास लागले. परत आला तेव्हा त्याच्या कोटाला मावशीच्या घरचा कापराचा वास येत होता.

“मावशी रडत होती,” तो म्हणाला. “मी तिला सांगितलं, जागा कोरी ठेवणं हा गुन्हा नाही. मी स्वतःच ठेवली होती.”

मी त्याचा कोट खुंटीला अडकवला. मावशीने काय काय सांगितलं असेल? मी विचारलं, “आणखी काय म्हणाली?”

“आणखी म्हणाली की काच डावीकडे नीट बसली नाही.”

जेवताना तो एकदम म्हणाला, “मी ते वाक्य घरी बोलायला नको होतं. कोर्टातली वाक्यं कोर्टातच बरी.” कुठलं वाक्य ते मी विचारलं नाही. ‘हंगाम बघून शिक्षा देत नाहीत’ तेच असणार, त्यावरूनच हे सगळं पेटलं. पण ते तर तो कोर्टातच बोलला होता.

भांडी त्याने पुसली. गेल्या तीस वर्षांत त्याने दोनदा भांडी पुसलीत, दोन्ही वेळा मी आजारी होते.

७ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये गोधडी-मंडळाच्या त्या पंधरा जणींपैकी कुणी माझ्या डोळ्याला डोळा देईना. तळघरात व्हिवियन म्हणाली, “आम्ही कुणीच नाही म्हटलं नाही गं, थायरा. देवाशपथ, एकीनेही नाही.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं.

“लोक इतके वाईट असतील असं वाटलं नव्हतं.”

तिला अजून कळलेलं नाही. ती लाइल स्ट्रोच्या बाजूचीच मतं मोजतेय. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती टिमीकडे बघताना दर वेळी ते आठवील. हे ओझं एकीला पुरे.

लाइल स्ट्रो दारात थांबला, टोपी काढली. “थायरा, आम्हाला वाटलं होतं त्याला जरा धक्का बसेल. पडेल असं नव्हतं वाटलं. इतके लोक त्याच्या बाजूचे आहेत, पडेल कसा?”

मी हातमोजे चढवून गाडीकडे निघाले. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते त्याला देण्यासारखं नव्हतं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

सिग्नेला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मी वेगळंच काही लिहिलं होतं असं स्वतःला सांगता येणार नाही.

‘प्रिय सिग्ने,

एनार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोर्ट सोडेल. गव्हर्नर दुसरा नेमील. तू फोन करत होतीस तेव्हा मी घरात होते, उचलला नाही. फोन स्वयंपाकघरात आहे आणि एनारही तिथेच असतो.

निकाल कसा लागला ते पेपरात आहे. का लागला ते पेपरात नाही. त्याने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली आणि ती मी गोधडीभोवती वाटली. मला ती पुण्याची वाटली. लोकांनाही वाटली. ज्यांच्या ज्यांच्या तो उपयोगी पडला होता त्यांनी एकेकाने त्याच कारणाने हात आखडून घेतला. तो वाईट लोकांमुळे पडला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तो चांगल्या लोकांमुळे पडला आणि त्यांना तसं करायला मी लावलं.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवते. तो सध्या माझ्याशी फार हळू बोलतो. कोर्टात घाबरलेल्या माणसाशी बोलायचा ना, तसा. तो एवढा दुःखात असून माझ्याशी असा वागतो, हे मला सोसवत नाही. काल माझ्यासाठी खुर्ची ओढून म्हणाला, “तू काही चुकीचं केलं नाहीस.” मी म्हटलं, कशाबद्दल? तो म्हणाला, “एकूण.” बिचाऱ्याला काहीच कल्पना नाही.

सांगितलं तर त्याचा घरावरचा उरलासुरला विश्वासही जाईल. नाही सांगितलं तर मी त्याच्या शेजारी खोटी झोपते. पास्टरांना विचारवत नाही, त्यांनीच प्रवचन केलं. मावशीला विचारवत नाही. तूच राहिलीस.

तू म्हणशील, मी तुझी सख्खी बहीण, मी तुझंच तोंड बघणार, माझ्या सांगण्याला काय किंमत? तसलं म्हणू नकोस. मला आता तोंड बघणारंच माणूस हवंय. सांगू की नको ते परतीच्या टपालाने कळव. हो किंवा नाही, एक शब्द लिहिलास तरी पुरे. पण कोरं ठेवू नकोस.

तुझी,
थायरा’